खोक्यावरचा जानेवारी

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग बेलापूरहून. नवी मुंबईचं नाही, आपलं प्रवरेकाठचं, नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच निघतं.) हा खुलासा मी आयुष्यभर करत आलोय. त्यात भर म्हणजे बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन आमच्या गावात नाहीच, ते श्रीरामपुरात आहे. दौंड-मनमाड लाइन 1878 मध्ये सुरू झाली, पाटीवर बेलापूर लिहिलं गेलं, आणि श्रीरामपूर नंतर त्या स्टेशनाभोवती वाढलं. म्हणजे पाटीवर एक नाव आणि खाली गाव दुसरं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. तरी माझा मामेभाऊ फसला.

तो जहाजावर नोकरीला आहे. गेल्या दिवाळीला आला तो एक खोकं घेऊन. क्यूबन सिगार, कोहिबा, 25 नग. मेक्सिकोतल्या एका बंदरात जहाज लागलं होतं, तिथं किनाऱ्यावरच्या एका दुकानातून घेतले. दुकानदार म्हणे, माझा मेहुणा हवानाच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडून थेट येतो माल. खोक्याला मस्त काचेचं झाकण. भाव असा, की विमानतळावरच्या दुकानात चार-पाच सिगारला जितके पडतात तितक्यात अख्खं खोकं.

मी ओढत नाही, पण खोकं पालथं करून बघायची खोड आहे. तळाला शाईचा शिक्का होता: महिना आणि साल. महिना होता जानेवारी. इंग्रजी जानेवारी, पहिली तीन अक्षरं. आता गंमत बघा. क्यूबात स्पॅनिश बोलतात आणि स्पॅनिशमध्ये जानेवारीला एनेरो म्हणतात. खऱ्या खोक्यावर एनेरोची पहिली तीन अक्षरं असतात. हवानाच्या कारखान्यातला माणूस खोक्यावर इंग्रजी महिना कशाला लिहील? आपल्या रेशन कार्डावर कुणी फ्रेंचमध्ये चैत्र लिहितं का?

मग मी दोन रात्री मोबाइलवर हेच वाचत बसलो, आणि त्यातून आजचा भाग निघाला.

नकली क्यूबन सिगार हा आजचा धंदा नाही. हवानाच्या सिगारचं नाव एकोणिसाव्या शतकातच इतकं मोठं झालं, की कुठलाही पाला गुंडाळून त्यावर हवाना लिहायची चाल युरोप-अमेरिकेत पडली. शेवटी 1912 मध्ये क्यूबाच्या सरकारनं कायदाच केला: देशाबाहेर जाणाऱ्या खोक्यावर सरकारी हमीचं सील लागणार. ते हिरवट सील आजही लागतं, नोटेसारखं दिसतं, आता त्यावर बारकोड आणि होलोग्रामही असतो. बारकोडचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. 1994 पासून परदेशातली सगळी विक्री हबानोस नावाच्या एकाच कंपनीकडे आहे, आणि तिची अधिकृत दुकानं ‘ला कासा देल हबानो’ या नावानं जगभर आहेत. तुमच्यापैकी कुणी दुबईला, युरोपला जाणार असेल आणि साहेबांनी, सासऱ्यांनी ‘एक खोकं आण’ म्हणून फर्मान काढलं असेल, तर त्या दुकानात जा. नाहीतर देशोदेशी नेमलेल्या विक्रेत्याकडून घ्या आणि पावती जपून ठेवा. येताना विमानतळावर ड्यूटीशिवाय 25 सिगारपर्यंतच चालतात, तेही ध्यानात असू द्या.

किनाऱ्यावर, टॅक्सीत, हॉटेलच्या दारात मात्र घेऊ नका. हवानात तर एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते: आज कोऑपरेटिव्हचा दिवस आहे, आज कामगारांना स्वतःचा माल विकायची मुभा आहे, चल तुला घरी नेतो. असा कुठलाच दिवस नसतो. पर्यटक दररोज येतात, म्हणून तो दिवसही दररोज येतो. आणि काचेचं झाकण? कोहिबा काचेच्या झाकणाच्या खोक्यात कधी आलेलाच नाही. आत काय आहे ते दिसावं म्हणून काच. नकली मालाला ‘बघा, सगळं उघड आहे’ असं सांगायची फार हौस असते. भावाचंही तसंच. 2022 मध्ये कंपनीनं कोहिबाचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेऊन ठेवले. तेव्हापासून स्वस्त कोहिबा म्हणजे खोटा कोहिबा, एवढं गणित पुरे.

इथं एक फाटा फुटतो. खरा म्हणजे कुणाचा खरा? 1960 च्या सप्टेंबरात कास्त्रोच्या सरकारनं सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. जुने मालक देश सोडून गेले, जाताना ब्रँडचं नाव डोक्यात घेऊन गेले, आणि डॉमिनिकन रिपब्लिकसारख्या देशांत त्याच नावानं पुन्हा सुरू झाले. म्हणून आज रोमिओ इ हुलिएता नावाचे दोन सिगार आहेत, मॉन्टेक्रिस्तो दोन आहेत, कोहिबाही दोन. कोहिबाची कथा तर आणखी वेगळी. तो क्रांतीनंतरचा, 1966 मध्ये कास्त्रो आणि सरकारी पाहुण्यांसाठी सुरू झालेला, आणि 1982 पासून बाजारात आलेला. पण अमेरिकेत ते नाव तिथल्याच एका कंपनीनं आधी नोंदवलं. 1962 च्या फेब्रुवारीत केनेडींनी क्यूबाशी व्यापार बंद केला होता, त्यामुळे क्यूबाचा माल तिथं जाऊच शकत नव्हता. (सही करण्याआधी केनेडींनी सेक्रेटरीला पाठवून स्वतःसाठी 1200 क्यूबन सिगार मागवून घेतले होते. पुढारी सगळीकडे सारखेच.) कोहिबाचं भांडण 1997 मध्ये कोर्टात गेलं. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळानं त्या कंपनीची नोंदणी रद्द करण्याचा निकाल दिला. पंचवीस वर्षं, एका नावासाठी.

तर हे सगळं मी मामेभावाला भाऊबीजेच्या दिवशी सांगत होतो, आणि तो ऐकून घेत नव्हता. ‘अरे शिक्क्याचं काय घेऊन बसलास, वास बघ ना.’ तेवढ्यात आत्या आत आली.

माझी आत्या संगमनेरला असते. प्रवरेच्या वरच्या अंगाला ते, खालच्या अंगाला आम्ही. तिनं पस्तीस वर्षं बिड्या वळल्या. नगर, संगमनेर, सिन्नर, सोलापूर, हा सगळा बिडीचा पट्टा. तंबाखू निपाणीकडची, गुजरातची. पान टेंभुर्णीचं, विदर्भाच्या जंगलातलं. ठेकेदाराकडून पानं-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू, एक वळण, टोक मुडपलं, दोरा गुंडाळला. हजारावर मजुरी.

आत्यानं खोक्यातला एक सिगार उचलला. दाबला. कानाजवळ नेऊन बोटांत फिरवला. मग म्हणाली, ‘कात्री आण रं.’ मामेभाऊ ओरडेपर्यंत तिनं तो उभा चिरला. आत भुसा. बारीक चुरा, काड्या, तुटके तुकडे. ‘ही तर बिडीच हाये,’ ती म्हणाली. ‘नुसती जाड.’

आणि तिचं बरोबर होतं. कोहिबासारख्या सिगारच्या पोटात अख्खी लांब पानं असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पंख्यासारखी दुमडलेली. त्याला बांधणारं एक पान, आणि वरून एक देखणं पान. चुरा भरला की तो हातानं वळलेला कोहिबा नव्हेच. मी दोन रात्री वाचून जे काढलं ते तिनं दोन मिनिटांत काढलं, आणि स्पॅनिश महिन्यांची नावं तिला ठाऊक नव्हती.

मग मी तिला हवानाची एक गोष्ट सांगितली. 1865 मध्ये तिथल्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी आपल्यातल्या एकाला वाचायला बसवलं. तो मोठ्यानं पेपर, कादंबऱ्या वाचणार, बाकीचे सिगार वळत ऐकणार, आणि त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई सगळे मिळून करणार. वर्षभरात स्पॅनिश सरकारनं ते वाचन बंद पाडलं, कारण कामगार ऐकून शहाणे व्हायला लागले होते. पण प्रथा मेली नाही. मॉन्टेक्रिस्तो हे ब्रँडचं नाव 1935 मध्ये ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ती कामगारांची लाडकी कादंबरी होती म्हणून. आपल्या देशात केरळमध्ये कण्णूरच्या बिडी कारखान्यांतही असंच पेपरवाचन चालायचं. (म्हणजे मंडळी, पॉडकास्टचा शोध बिडी-सिगारवाल्यांनी लावलाय. आपण उगाच माइक घेऊन मिरवतो.)

आत्या म्हणाली, ‘आमच्याकडं कोण वाचणार? आम्ही घरात.’

हाच तो मुद्दा. 1966 मध्ये आपल्या संसदेनं जो कायदा केला त्याचं नावच बिडी आणि सिगार कामगार कायदा. कारखान्यात किती जागा, किती तास, रजा किती, सगळं त्यात होतं. तो लागू व्हायची वेळ आली तशी मंगळूरच्या एका बड्या बिडी कंपनीनं 1968 मध्ये कण्णूरकडचे कारखानेच बंद केले. सुमारे 12,000 कामगार उघड्यावर आले, आणि त्यातून 1969 मध्ये दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. बाकी देशात काम ठेकेदारामार्फत घराघरांत जात राहिलं. घरात बसलेली बाई कामगार आहे हेच आधी सिद्ध करावं लागतं. तिच्या बिडीवर जो कागद चिकटतो त्यावर मालकाचा फोटो असतो, नकलेपासून सावध राहा असा इशारा असतो. वळणारीचं नाव कुठंच नाही. कोहिबाच्या खोक्यावरही नाही. तिथं कारखान्याची खूण सांकेतिक अक्षरांत असते, म्हणजे कुठल्या छपराखाली वळला तेही उघड सांगत नाहीत. आणि कोहिबाचा पहिला कारखाना, हवानाचा एल लागितो, तिथं वळायला बायकांनाच शिकवून बसवलं होतं.

‘आणि छाट?’ आत्यानं विचारलं. छाट म्हणजे नापास बिड्या. ठेकेदाराचा माणूस कट्टे बघतो, ही सैल, ही वाकडी म्हणून बाजूला काढतो. त्याची मजुरी मिळत नाही, आणि ब-याचदा त्या बिड्या परतही मिळत नाहीत. पान कमी पडलं तर पदरचं विकत आणून हजार पुरे करायचे. नापास बिडीच्या मजुरीवरून होणाऱ्या भांडणाचा उल्लेख 1966 च्या कायद्यात वेगळा करावा लागला, यावरून काय ते समजा. मी म्हटलं, तिथंही तपासणी असते. सिगार मापात आहे का, धूर ओढला जातो का ते बघतात.

‘दिवसाला किती वळतात त्या?’

‘शंभराच्या आसपास. आकारावर असतं.’

आत्या हसायलाच लागली. हसता हसता खोकली, तिचा तो जुना खोकला. ‘शंभर? आरं, शंभर तर मी चहा व्हायच्या आत करायची.’

मामेभावानं उरलेलं खोकं बंद केलं. चोवीस शिल्लक होते. आत्यानं चिरलेल्या सिगारमधला चुरा कागदावर गोळा केला, बोटानं सारखा केला, वास घेतला आणि म्हणाली, ‘तंबाखू बी जुनी हाये.’