अडत होते ते पाणी नव्हतेच

संगणकात पाणी खेळवण्याची कल्पना ओव्हरक्लॉकिंगच्या (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) नादी लागलेल्या हौशी पोरांची, असा एक समज आहे. प्रत्यक्षात आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रात प्रत्येक चिपच्या पाठीला स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या टेकलेला असे, भोवती हेलियम भरलेला आणि वर थंड पाणी फिरवणारी धातूची जाड पाटी. नव्वदच्या दशकात अशा मोठ्या यंत्रांत कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप आल्या, उष्णता घटली आणि ही नळजोडणी मोडीत निघाली. घरगुती वॉटर ब्लॉकचे, म्हणजे चिपवर बसवायच्या आणि आतून पाणी फिरणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांचे, दिवस आले ते त्याच दशकाच्या अखेरीस. १९९८ चा स्वस्त सेलेरॉन ३००ए प्रोसेसर मुळात ३०० मेगाहर्ट्झचा. बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की तो बहुधा ४५० वर चाले. व्होल्टेज वाढवले की मात्र तापे. या हौशी कारागिरांना पाण्याचे श्रेय देता येत नाही. पण उष्णता नेमकी कुठे अडते, हे त्यांनी कानस आणि ड्रिल मशीन हाती घेऊन शोधले.

सुरुवातीचे ब्लॉक म्हणजे तांब्याच्या ठोकळ्यात आडवी-उभी भोके पाडून टोके बुजवलेली, किंवा रुंद नागमोडी पन्हळ कोरलेली. जोडीला फिशटँकचा पंप आणि गाडीतल्या हीटरचा रेडिएटर. (तो ॲल्युमिनियमचा असला तर तांब्याच्या संगतीत गंजे.) काचेवर पॉलिश पेपर ठेवून ब्लॉकचे बूड सपाट होईस्तोवर घासत. पन्हळ लांब ठेवायची, म्हणजे पाण्याला उष्णता घ्यायला वेळ मिळेल, हा तर्क तेव्हा सर्रास ऐकू येई. साधा हिशेब तो खोडून काढतो: ८० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी धरले, तर पाणी जेमतेम ०.३ अंशाने तापते. पाण्याची क्षमता उरलेलीच असते. अडसर असतो तांब्याला चिकटून जवळजवळ स्थिर राहणाऱ्या पातळ थराचा. म्हणून चांगले ब्लॉक हळूहळू उलट दिशेने गेले: बूड पातळ, पन्हळी अरुंद आणि दाट, आणि पाण्याचा झोत थेट चिपच्या डोक्यावर.

यावर आक्षेप येतो की हे सारे टकरमन आणि पीझ या संशोधकांनी स्टॅनफर्डमध्ये १९८१ सालीच दाखवले होते. खरे आहे, सिलिकॉनमधल्या ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचांतून त्यांनी चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उष्णता काढली होती. पण तसल्या खाचांतून पाणी रेटणे फिशटँकच्या पंपाला झेपले नसते, आणि जरा कचरा आला की त्या तुंबल्याच. आपल्या कटरला आणि पंपाला परवडेल अशी सर्वांत अरुंद पन्हळ किती, हा हौशींचा प्रश्न प्रयोगशाळेला पडण्याचे कारणच नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हीट पाइपचे एअर कूलर सुधारल्यावर सामान्य वापराला हा खटाटोप नकोच झाला. तो मान्य. मात्र आजच्या एखाद्या तयार ब्लॉकचे झाकण उघडले, तर ती रुंद नागमोडी पन्हळ क्वचितच दिसेल; बहुतेकदा दिसतात तांब्याचे दाटीवाटीने उभे, कागदासारखे पातळ पापुद्रे आणि मधोमध पाणी सोडणारी एक फट.