नोकऱ्यांतील मुलूखवार वांटा : नागपूर करारांतील एक कलम आणि बुलढाणा जिल्हा

सरकारी नोकऱ्यांत वांटा राखून ठेवण्याच्या इतिहासाचा आरंभ शाहू छत्रपतींच्या ता. २६ जुलै १९०२ च्या हुकुमापासून करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. कोल्हापूर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्या असें त्यांत ठरविलें. शिवाय झालेल्या नेमणुकांचें तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानें पाठवावें असेंही बजाविलें. हुकुमाचें मर्म आम्हांस या पत्रकांत दिसतें. प्रमाण ठरलें, आणि तें पाळलें जातें कीं नाहीं हें पाहण्याची सोयही झाली.

वांटा जातीवरून न ठरतां मुलखावरून ठरविण्याचाही एक प्रकार आहे, आणि बुलढाणा जिल्ह्याचा संबंध त्याच्याशीं येतो. ता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत महाविदर्भ, मराठवाडा व उरलेला महाराष्ट्र असे तीन विभाग धरून, सर्व दर्जांच्या सरकारी नोकऱ्यांत व सरकारी नियंत्रणाखालील उद्योगांत प्रत्येक विभागास लोकसंख्येच्या प्रमाणांत भरती मिळावी असें कलम घातलें.

आतां हे विभाग पडले कशावरून? १८५३ च्या तहानें निजामानें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. पुढें ता. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें, म्हणजे कोल्हापूरच्या हुकुमानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांत, तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानें गेला व १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला गेला. लखुजी जाधवरावांचें सिंदखेड आणि देऊळगांव राजा वऱ्हाडांत पडलीं; शेजारचें जालना निजामाकडेच राहिलें. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं दोन्ही मुलूख एकाच मुंबई राज्यांत आले, तरी हद्द बुजली नाहीं. फौजेच्या देण्यांतून निघालेली ही रेघ शंभर वर्षांनीं कारकुनाच्या अर्जापर्यंत येऊन पोंचली!

कराराला कायद्याचें बळ नव्हतें. तें देण्यासाठीं राज्यघटनेंत कलम ३७१ (२) आलें. परंतु दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून वाचणाऱ्यास फरक तत्काळ जाणवेल. करारांतील 'लोकसंख्येच्या प्रमाणांत' हे शब्द घटनेंत नाहींत. तेथें नोकरीची 'पुरेशी संधि' आहे, आणि तीही संपूर्ण राज्याच्या गरजांस अधीन. माप गेलें, मात्र विकासमंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षीं विधानसभेपुढें ठेवावा अशी तरतूद राहिली. हीं मंडळें प्रत्यक्षांत आलीं १९९४ मध्यें, आणि त्यांची मुदत ता. ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. मोजण्याचें प्रमाणच नसल्यावर अहवालानें काय पडताळावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

मेहकर, चिखली, मलकापूर येथील जुन्या घरांत ऐतिहासिक बाडांबरोबर १९५६ नंतरचे नेमणुकीचे हुकूम व बदल्यांचे कागदही असणें शक्य आहे. संग्राहकांनीं ते रद्दींत घालूं नयेत. कोणत्या मुलखांतील मनुष्य कोणत्या कचेरींत लागला हें अशाच कागदांवरून लावतां येईल.