हार्मोनच्या गोळ्या आणि रक्ताची गुठळी



गणपती किंवा लग्नकार्य जवळ आलं की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची चौकशी आपल्याकडे हळू आवाजात सुरू होते. काहींच्या बॅगेतून त्या भारतातून येतातही. चारचौघांत हा विषय काढत नाहीत, म्हणून आम्हीच काढतो.

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. शरीरात त्याच्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेन बनतं आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. गर्भनिरोधक गोळ्या, रजोनिवृत्तीच्या वेळच्या हार्मोनच्या गोळ्या आणि स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन यांनीही गुठळीचा धोका वाढतो.

धोका लहान आहे. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते, संयुक्त गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांपैकी ३ ते ९ जणींना. गरोदरपणात त्याहून जास्त. यास्मिन आणि याझ या गोळ्यांबद्दल हेल्थ कॅनडाने २०११ साली इशारा दिला, की इतर गोळ्यांच्या तुलनेत त्यांचा धोका दीड ते तीन पट असू शकतो. गोळी सुरू केल्यावरचे पहिले काही महिने जास्त जपण्याचे. त्यात टोरोंटो-मुंबईसारखा लांबचा बैठा प्रवास आला तर आणखी जपावं.

गुठळी बहुधा पायात होते. एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. लाली आपल्या सावळ्या कातडीवर दिसेलच असं नाही, म्हणून दोन्ही पोटऱ्या शेजारी धरून पाहा. तेल लावून मालीश मात्र करू नका! गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, खोल श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडतं, भोवळ येते. गॅस झाला असेल म्हणून ओवा खाऊन झोपण्याची ही वेळ नव्हे. अचानक असह्य डोकेदुखी, अंधुक दिसणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, हीही तितकीच गंभीर.

छाती, श्वास किंवा डोक्याची लक्षणं असतील तर लगेच ९११. नुसता पाय सुजला असेल तरी त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, फॅमिली डॉक्टरच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिथल्या नर्सला 'ब्लड क्लॉट' हेच शब्द सांगा आणि गोळीचं पाकीट दाखवा, भारतातलं असलं तरी. घरात पूर्वी कोणाला गुठळी झाली असेल, तुम्ही धूम्रपान करत असाल किंवा अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल, तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. साधी शंका असेल तर फार्मासिस्टला विचारा, फुकट सांगतात.