आनंदीबाईंची सहा उत्तरं

अमेरिकेत मेडिकलला अर्ज केला की कॉलेजं पुढे निबंध मागतात: डॉक्टरच का? आमच्याकडेच का? आनंदीबाई जोशींनी असली उत्तरं अर्जाआधीच दिली होती. फेब्रुवारी १८८३, कोलकात्याजवळचं सेरामपूर. भर सभेत, इंग्रजीत, लोकांचे सहा प्रश्न. अमेरिकाच का, एकटी का, परतल्यावर वाळीत टाकलं तर? हिंदू म्हणून जाईन, हिंदूच परतेन, असं त्यांनी बजावलं.

जूनमधलं पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजला लिहिलेलं पत्र मला जास्त आवडतं. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नसू, हे अठरा वर्षांची मुलगी स्वतःच सांगते. कारण एकच: आमच्या बायका पुरुष डॉक्टरपेक्षा मरण पत्करतात. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. आजचा सल्लागार म्हणाला असता, निबंध तिथूनच सुरू कर.

प्रवेश मिळाला. १८८६मध्ये एम.डी., फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात मृत्यू.