भुईकोटाचे दोन तट आणि कॉसमॉस बँकेचा धडा

मंडळी, आपला भुईकोट किल्ला नीट बघितलाय का कधी? बहमनी काळातला. एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, बाकी खंदक, आणि तट एक नाही, दोन. बाहेरचा पडला तरी शत्रू आतल्या तटासमोर अडकणार. बांधणाऱ्यानं धरूनच चाललं होतं की पहिला तट कधीतरी पडेल.

कॉम्प्युटरच्या जगाला हे उशिरा कळलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये 'मॉरिस वर्म'नं अमेरिकेतले हजारो कॉम्प्युटर ठप्प केले. त्याच सुमारास फायरवॉल आली. सुरुवातीची फायरवॉल म्हणजे वेशीवरचा राखणदार: माहिती कुठून आली, कुठं चालली एवढंच बघायचा. आत शिरलेल्याला विचारणारं कुणी नव्हतं.

त्याची किंमत पुण्यात दिसली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ सालची जुनी कॉसमॉस सहकारी बँक. चोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये मालवेअर घुसवून एटीएमचा खोटा स्विच उभा केला. 'पैसे देऊ का?' हा प्रश्न खऱ्या यंत्रणेकडे पोचलाच नाही. खोटा स्विचच 'द्या' म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी निघाले, भारतातून अडीच कोटी. सोमवारी स्विफ्टमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला. एकूण ९४ कोटींवर!

खातेदारांची खाती शाबूत राहिली, गेले ते बँकेचे, असं सांगितलं गेलं. पण सहकारी बँकेचे पैसे म्हणजे शेवटी सभासदांचेच की!

ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम काढले. २०१९ च्या अखेरीस बँकेच्या डिजिटल व्यवहारांप्रमाणे चार पातळ्या ठरवल्या.

आता आपलं बघा. सोलापुरात सहकारी बँका, पतसंस्था भरपूर. चादर-टॉवेलचे कारखानदार, गारमेंटवाले सगळे ऑनलाइन. बऱ्याच ठिकाणी फायरवॉल एकदा बसवली की विषय संपला. पासवर्ड जुनाच, अपडेट नाही, आणि ऑफिसचा वायफाय, सीसीटीव्ही, हिशेबाचा कॉम्प्युटर सगळं एकाच नेटवर्कवर. म्हणजे बाहेर तट, आत मोकळं मैदान.

म्हणून यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारा: एटीएम, हिशेब आणि ऑफिसचं नेटवर्क वेगवेगळं आहे का? फायरवॉलच्या नोंदी रोज कोण बघतं? शनिवार-रविवारी कोण बघतं?

उत्तर नाही मिळालं, तर सगळ्यांना घेऊन किल्ल्यात चला. दुसरा तट अजून उभा आहे.