यादीतले आपले नाव



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, तेव्हा मी चांगलीच घाबरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहून द्यावी असे प्रथम मनात आले, पण त्या लिहिणाऱ्या सुगरणी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून दुसराच विषय घेतला आहे. आपल्या गोंडपिपरीची माणसे आजवर कोणाला व कशी निवडून देत आली, आणि त्यात आपण बायका कोठे होतो, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. वाचलेले, ऐकलेले व थोडे स्वतः भोगलेले असे तिन्ही यात आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

सुरुवात माझ्या आजेसासूबाईंपासून करते. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. त्यापूर्वी मतदारांची नावे लिहून घेण्यास माणूस घरोघर फिरत होता. तो ओसरीवर येऊन बसला. पुरुषांची नावे भराभर लिहून झाली. मग त्याने विचारले, "घरात बायका किती? त्यांची नावे?" आजेसासूबाई दाराआड उभ्या. परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगायचे कसे? आतून उत्तर गेले, "लिहा, धाकट्याची बायको." लिहिणारा भला होता. तो म्हणाला, "असे चालत नाही, बाई. नाव पाहिजे." शेवटी लहान नणंदेने ओरडून नाव सांगितले, आणि ते कागदावर चढले. त्या नेहमी म्हणत, "लग्नात नाव बदलले तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. विचारले ते पहिल्यांदा त्या यादीवाल्याने."

ही गोष्ट आमच्या घरात हसण्यावारी सांगितली जात असे. पुढे मला कळले की यात हसण्यासारखे काही नव्हते. त्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावे याच कारणाने यादीतून गळाली. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्यांनी सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले की मतदाराला स्वतःचे नाव असलेच पाहिजे. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान या बाजूला हा प्रकार फार झाला. त्या बायका मताला मुकल्या. परंतु बाई ही कोणाची कोण म्हणून नव्हे, तर स्वतः म्हणून मत देते, हे त्या कठोर निर्णयाने कायमचे ठरून गेले.

मतदानाची रीतही तेव्हा वेगळी होती. एका कागदावर सगळे उमेदवार नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, आणि तिच्यावर त्याची खूण चिकटविलेली. काँग्रेसची खूण बैलजोडी. अक्षरओळख नसलेल्या बाईनेही खूण ओळखून चिठ्ठी पेटीत टाकावी, अशी ती योजना होती. धान चुरण्याचे दिवस असूनही आजेसासूबाई बैलगाडीतून मत देण्यास गेल्या. बोटावरची शाई पुष्कळ दिवस गेली नाही, म्हणून त्यांनी ती शेजारणींना कौतुकाने दाखविली होती.

ते मत गेले कोठे, हेही ऐकण्यासारखे आहे. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आपला आमदार नागपूरला बसे. वर्धा नदीच्या पलीकडे राजुरा मात्र हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिकडच्या लोकांनी त्याच निवडणुकीत हैदराबादच्या विधानसभेसाठी मत दिले. लेक नदीपलीकडे दिली असेल तर मायलेकींची मते दोन राज्यांत जात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी रचना झाली, तेव्हा चांदा आणि राजुरा दोन्ही मुंबई राज्यात आले. राजुरा प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला होता, तो १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे आठ वर्षांत आजेसासूबाईंनी ओसरी न सोडता तीन राज्ये पाहिली! पुढे आपल्याच जिल्ह्याचे दादासाहेब कन्नमवार १९६२ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, व १९६३ च्या नोव्हेंबरात त्या पदावर असतानाच निवर्तले. आज गोंडपिपरी, राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके मिळून राजुरा विधानसभा मतदारसंघ होतो. ज्या नदीने मायलेकींची मते तोडली होती, तिच्या दोन्ही तीरांची मते आता एकाच मोजणीत पडतात.

याच मतदारसंघात एक नवल आहे. जिवती तालुक्यात पहाडावर परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावे व पाडे आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्र हक्क सांगतो आणि तेलंगणाही. तेथील पुष्कळांची नावे दोन्हीकडच्या मतदारयादीत आहेत. इकडे राजुऱ्याला, तिकडे आसिफाबादला. शिधापत्रिकाही दोन, सरपंचही दोन. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि तेलंगणाचे १३ मे रोजी. कायदा म्हणतो की माणसाचे नाव एकाच यादीत असावे. एखादी म्हणेल, काय भाग्याचे लोक, दोन मते! पण जमिनीच्या पट्ट्यासाठी तेथील माणसे वर्षानुवर्षे खेटे घालीत आली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते असे. एका काळी बाईचे नाव यादीत नव्हते म्हणून तिला कोणी मोजले नाही. येथे नाव दोनदा आहे, तरी त्यांना पुरते आपले असे कोणी मानले नाही.

आता मत देण्याच्या पुढची पायरी, म्हणजे निवडून जाण्याची. आपल्या विदर्भात त्याची वाट फार आधी पडली आहे. नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९२८ साली मध्य प्रांताच्या कायदेमंडळात नेमल्या गेल्या. १९३७ साली त्या निवडून आल्या व विधानसभेच्या उपसभापती झाल्या. १९४२ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यातील चिमूरला उठाव झाला, त्यानंतर तेथील बायकांवर अत्याचार झाले आणि अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. तेव्हा त्या बायकांची दाद लागावी आणि फाशी टळावी म्हणून अनसूयाबाईंनी जिवाचे रान केले. बायकांचे दुःख बाईजवळ मोकळेपणी सांगता येते, म्हणूनही बाई तेथे असावी लागते.

त्यानंतर १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले, आणि गावचा कारभार बायकांनी हाती घ्यावा ही गोष्ट खेड्यापाड्यांत बोलली जाऊ लागली. १९९३ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांत बायकांना एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. "सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा" अशी थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहे, व काही ठिकाणी ती खरीही असते. परंतु नवरा आमदार असला म्हणजे त्याच्या कारभारात मेहुणे-भाचे किती असतात, याची थट्टा कोणी करीत नाही!

विधानसभेत मात्र गाडी अडली आहे. राजुऱ्याहून प्रभाकरराव मामुलकर, वामनराव चटप, सुदर्शन निमकर, सुभाष धोटे, संजय धोटे, आणि २०२४ साली देवराव भोंगळे असे आमदार झाले. या नावांत एकही बाई नाही. शेजारी मूल-सावलीकडून शोभाताई फडणवीस निवडून गेल्या व १९९५ नंतरच्या सरकारात मंत्री झाल्या. वरोऱ्याहून २०१९ साली प्रतिभाताई धानोरकर आमदार झाल्या, आणि २०२४ साली चंद्रपूरच्या खासदार. तेव्हा आपल्या मातीत हे होत नाही असे म्हणता येत नाही. सबंध महाराष्ट्राच्या २८८ जागांत मात्र २०२४ साली पंचवीसही बायका निवडून आल्या नाहीत. लोकसभा व विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा २०२३ साली संमत झाला; परंतु जनगणना होऊन मतदारसंघांची नव्याने आखणी झाल्यावर तो लागू होईल, अशी अट त्यात घातली होती.

आता स्वतःची गोष्ट सांगते, कारण दुसऱ्यास उपदेश करणे सोपे असते. लग्न होऊन मी गोंडपिपरीला आले. माहेरच्या यादीतून नाव निघाले, सासरच्या यादीत घालण्याचे राहून गेले. आज करू, उद्या करू. निवडणुकीच्या दिवशी चांगले लुगडे नेसून केंद्रावर गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परत आले. त्या दिवशी आजेसासूबाई खाटेवर होत्या. त्यांनी माझे कोरे बोट पाहिले व म्हणाल्या, "मला सांगायची लाज वाटत होती. तुला कशाची वाटली गं?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून भगिनींनो, एक सूचना मांडते. राजुऱ्याचा निकाल २०१९ साली सुमारे अडीच हजार मतांनी लागला व २०२४ साली सुमारे तीन हजारांनी. चार तालुक्यांत एवढे अंतर म्हणजे गावामागे थोडीशीच मते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर मतदारयादी घेऊन बसू या. प्रत्येकीने आपले नाव शोधावे, मोठ्याने वाचावे. नवी सून आली असेल तर तिचा पत्ता बदलण्याचा नमुना ८ तेथेच भरावा; अठरा पूर्ण झालेल्या लेकीचा नमुना ६ भरावा. मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, मंडळाने त्यात पडू नये.

उखाण्यात नवऱ्याचे नाव आपण किती हौसेने घेतो. त्या दिवशी मात्र प्रत्येकीने स्वतःचे नाव घ्यावे, एवढीच विनंती.