मुलाचा जबाब मुलाच्याच शब्दांत

वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत असो वा पाली हिलवरील इमारत, लैंगिक अत्याचाराची तक्रार आली की पोलिसांनीच बालकाकडे जावयाचे असते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या ‘पोक्सो’ कायद्याचे कलम २४ त्याबाबत स्पष्ट आहे. जबाब घरी वा बालकाच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा. रात्री बालकाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

अवघड भाग आहे तो कलम २६ चा. पालक किंवा बालकाच्या विश्वासातील व्यक्तीसमक्ष, बालक बोलेल तसेच लिहून घ्यावे, असे हे कलम सांगते. पाच वर्षांची मुलगी ‘काकांनी दुखवलं’ एवढेच म्हणते. कागदावर मात्र ‘सदर इसमाने लज्जास्पद कृत्य केले’ असे पोलिसी मराठी उमटते. उलटतपासणीत ‘हे शब्द तुझेच का’ असे विचारल्यावर ती काय सांगणार? शक्य तेथे जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूद याच कलमात आहे.

विलंबही तितकाच घातक. बदलापूर प्रकरणात दुसऱ्या मुलीचा जबाब वेळेत न नोंदविल्याबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना फटकारले होते.